गोळ्या रोज पोटात, हिमोग्लोबिन मात्र जागच्या जागी: ग्रीन टीचं एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करताना हाताळलेलं हे प्रकरण आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. गावात सगळेच त्यांना काकू म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

ग्रीन टीच्या फायद्यांबद्दल मोबाईलवर रोज काही ना काही येतं. तोट्यांबद्दल कुणी बोललंच तर एकदम ‘विष आहे, सोडा’ असं बोलतं. त्यातून माझ्यासारख्या गावपातळीवर काम करणाऱ्या माणसाच्या हाती काही लागत नाही. ग्रीन टी कुणी, किती, कशी आणि मुख्य म्हणजे कशासोबत घेतली, यावर सगळं ठरतं. काकूंच्या बाबतीत ते अगदी लख्ख दिसलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

रुग्ण आणि तक्रार

काकू त्रेचाळीस वर्षांच्या. घरी चार एकर कोरडवाहू शेती, कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. स्वतःच्या शेतातलं काम उरकलं की दुसऱ्यांकडे निंदणाला मजुरीनं जातात. घर माळकरी, त्यामुळे मटण, मासे, अंडी काहीच नाही. थोरला मुलगा पुण्यात कंपनीत, धाकटा शिकतो आहे.

जूनमधल्या ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता दिवशी आशाताई त्यांना धरूनच घेऊन आल्या. चढाचा रस्ता चालताना दम लागायचा, निंदताना वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, छातीत धडधड व्हायची. रात्री झोप लागत नाही हीसुद्धा तक्रार होती, पण ती त्यांनी जाता जाता सांगितली. पापणी खाली ओढून पाहिली तर आत लाली नावाला नव्हती. नखं चपटी आणि ठिसूळ झालेली. आशाताईंनी हळूच सांगितलं, की काकू तांदूळ निवडायला बसल्या की मूठ मूठ कोरडे तांदूळ चावत राहतात. लोहाची कमतरता असलेल्या बायकांमध्ये माती, खडू, कोरडे तांदूळ खाण्याची ही ओढ आम्हाला वारंवार दिसते. बाई स्वतःहून कधी ती सांगत नाही, विचारावी लागते.

हिमोग्लोबिन 8.6 आलं. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय, 8 ते 10.9 म्हणजे मध्यम. उपाशीपोटी साखर 112, म्हणजे मधुमेह नाही पण त्याच्या वाटेवर. वजनही उंचीच्या मानानं जास्त.

रक्तक्षय म्हटला तर आमच्याकडे नवलाची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हा आकडा 48 टक्के होता. म्हणजे गोळ्या वाटूनही आकडा वरच गेला. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहिते आहे, कारण काकूंचं प्रकरण त्याच्याशी जोडलेलं आहे.

वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानं जंताची अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची गोळी दिली आणि लोह-फॉलिक ॲसिडच्या रोज दोन गोळ्या सुरू केल्या. प्रत्येक गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या सरकारी रक्तक्षय-विरोधी मोहिमेत मिळते तीच लाल गोळी.

दोन महिन्यांनी

ऑगस्टमध्ये हिमोग्लोबिन 8.8 आलं. महिनाभर नीट गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन एकानंही वाढलं नाही तर रुग्णाला पुढे पाठवायचं, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. इथे तर दोन महिने उलटून गेले होते.

अशा वेळी पहिला संशय येतो तो बाईवर. गोळ्या घेतच नसेल, मळमळतं म्हणून उकिरड्यावर टाकत असेल. तो संशय घेण्यात गैर नाही, तसं होतंही. पण आशाताईंनी रिकाम्या पट्ट्या मोजल्या होत्या. शौचाचा रंग काळा झाल्याचं काकूंनीच सांगितलं होतं. लोहाची गोळी घेतली की शी काळी होते, म्हणून तो गोळी घेतल्याचा पुरावा मानला जातो. पुरावा खराच, पण फक्त गोळी गिळल्याचा. काळा रंग येतो तो न शोषलेल्या, आतड्यातून तसंच खाली गेलेल्या लोहाचा. गोळी तोंडातून आत गेली एवढंच त्यातून कळतं, रक्तात किती पोचली ते कळत नाही.

काकू वैतागल्या होत्या. “गोया त मी रोजच घेतो मॅडम, एक दिवस चुकवलो नाई. मंग काऊन वाढत नाई?” या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना उपजिल्हा रुग्णालयात पाठवलं.

काय काय तपासलं

विदर्भात रक्तक्षयाचा रुग्ण गोळ्यांना दाद देत नसेल तर सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजाराचा, विचार आधी करावाच लागतो. गडचिरोली, चंद्रपूरपासून मेळघाटापर्यंत हा आजार पसरलेला आहे, आणि 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत इथले जिल्हे आहेत. काकूंची विद्राव्यता चाचणी आमच्याकडेच झाली होती, नकारात्मक. रुग्णालयात हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणीही झाली. सिकल नाही, थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहकपणाही नाही.

पूर्ण रक्ततपासणीत तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान 68 आलं, ते निदान 80 असायला हवं. पेशींची संख्या 4.1 दशलक्ष. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागलं तर 13 च्या वर येतं, आणि हेही थॅलेसेमियापेक्षा लोहाच्या कमतरतेकडेच बोट दाखवतं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त 6. कणगी रिकामी म्हणावी इतकी वाईट अवस्था.

मग लोह जातंय कुठे? पाळी नियमित, तीन-चार दिवसांची, फार अंगावर जात नाही. सोनोग्राफीत गाठ नाही. थायरॉईड ठीक. शौचात रक्त नाही, जंतांची अंडी नाहीत. मूळव्याध नाही. सगळे कागद फाईलमध्ये लावून काकू परत आल्या आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं: गोळ्या सुरू ठेवणे, आहार तपासणे.

‘आहार तपासणे’ हे दोन शब्द चिठ्ठीवर इतक्या वेळा लिहिले जातात की ते कुणी वाचत नाही. पण खरं उत्तर तिथेच होतं.

घरी काय दिसलं

पोळा होऊन गेला होता. आशाताई आणि मी सकाळी नवाच्या सुमारास काकूंच्या घरी गेलो. ही वेळ मुद्दाम निवडली होती, कारण शेतावर जायच्या आधी बाया भाजी-भाकर खातात आणि नेमकं काय खातात ते तेव्हाच बघायला मिळतं.

ताटात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि अंबाडीची भाजी. चांगलं जेवण. जेवण उरकलं तसं काकूंनी चुलीवरचं पातेलं उतरवलं. आत काळपट हिरवं, तपकिरीकडे झुकलेलं पाणी होतं आणि तळाशी कागदी पिशव्या फाडून ओतलेली पत्ती. पुण्याच्या मुलानं साखरेचा आधीचा एक अहवाल पाहून गेल्या दिवाळीत ग्रीन टीचा मोठा डबा आणून दिला होता. पुढे तो बचत गटातल्या एकीकडून दर महिन्याला मिळायला लागला. डब्यावर लिहिल्याप्रमाणे पिशवी गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून काढायची असते. काकूंना ते पटलं नव्हतं. “बुडवून काढली का पाणीच राह्यते ते. उकयल्याबिगर चहा होते का?” म्हणून त्या पिशव्या फाडून पत्ती नेहमीच्या चहासारखी खळखळ उकळत, अर्धं पाणी आटेपर्यंत.

पेल्यात ओतून घेतल्यावर त्यांनी फळीवरून पट्टी काढली, दोन लाल गोळ्या तळहातावर घेतल्या आणि ग्रीन टीच्या घोटाबरोबर गिळल्या.

मी विचारलं, पाण्यासोबत का नाही घेत? म्हणाल्या, पाण्यासोबत घेतली की तोंडाला लोखंडाची चव राहते, मळमळते. या कडू चहात चव दबते आणि पोटही बरं राहतं. सुरुवातीला त्यांनी गोळ्या जवळजवळ सोडल्या होत्या, ग्रीन टीमुळेच त्या टिकून राहिल्या. म्हणजे जी युक्ती त्यांना गोळ्या घ्यायला मदत करत होती, तीच गोळ्या वाया घालवत होती.

पुढे विचारत गेले तसं सगळं बाहेर आलं. सकाळच्या भाकरीनंतर एक मोठा पेला, शेतावर दुपारच्या शिदोरीसोबत बाटलीत भरून नेलेली, संध्याकाळी परतल्यावर एक आणि रात्री जेवणानंतर एक, ‘जेवण पचते म्हणून’. दिवसात असं एकही जेवण नव्हतं ज्याच्यावर ग्रीन टी पडत नव्हती. आमच्या कार्डावर ‘गोळी घेतली का’ याची चौकट आहे, ‘कशासोबत घेतली’ याची नाही.

पोटात काय होतं

चहाच्या पानात, मग तो हिरवा असो की काळा, पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं असतात. ग्रीन टीतले कॅटेचिन हे त्यातलेच. त्यांचेच गुण गायले जातात आणि ते सगळे खोटे नाहीत. पण या द्रव्यांचा लोहाशी घट्ट जम बसतो. आतड्यात लोह आणि पॉलिफेनॉल एकत्र आले की न विरघळणारी संयुगं तयार होतात, आणि जे विरघळत नाही ते आतड्याच्या भिंतीतून रक्तात जात नाही.

काकूंना हे शब्दात सांगून उपयोग नव्हता. त्यांच्याच पातेल्यातली ग्रीन टी एका काचेच्या पेल्यात घेतली. एक गोळी पाण्यात धरून वरचा लाल लेप धुऊन काढला, ती कुटून त्या पेल्यात टाकली आणि ढवळली. बघता बघता पेल्यातलं पाणी गडद झालं, मग जांभळट काळं. काकूंच्या सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या, त्या पेला बघून लगेच म्हणाल्या, “हे त हिरड्याची शाई झाली.” अगदी बरोबर. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई बनवत आणि कापडही काळं रंगवत. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, आणि सरकारी गोळीतलं लोहही बहुधा त्याच रूपात असतं. हिरड्यातलं तुरट द्रव्य आणि चहातलं तुरट द्रव्य एकाच कुळातलं. त्या म्हातारीनं जे एका नजरेत ओळखलं, ते समजावायला मला एरवी अर्धा तास लागला असता.

यामागे अभ्यास आहेत, ते थोडक्यात सांगते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पावासोबत काळा चहा दिला तेव्हा लोहाचं शोषण 79 ते 94 टक्क्यांनी घटलं, आणि दूध घातल्यानं त्यात फारसा फरक पडला नाही. 2001 च्या एका अभ्यासात जेवणात ग्रीन टीचा अर्क मिसळला तेव्हा शोषण साधारण एक चतुर्थांशानं कमी झालं. म्हणजे ग्रीन टी ही काळ्या चहापेक्षा जास्त वाईट आहे असं अजिबात नाही. 2023 मध्ये झुरिकच्या संशोधकांनी थेट लोहाच्या 100 मिलिग्रॅमच्या गोळीवर प्रयोग केला, लोहाची कमतरता असलेल्या स्त्रियांवर. गोळीसोबत कॉफी दिली तर शोषण निम्म्याहून जास्त घटलं, क जीवनसत्त्व दिलं तर सुमारे 30 टक्क्यांनी वाढलं, आणि दुपारपेक्षा सकाळी घेतलेली गोळी जास्त लागू पडली. त्यात कॉफी होती, चहा नव्हता, पण अडवणारी द्रव्यं त्याच जातीची.

ग्रीन टीमुळे रक्तक्षय झाल्याचं एक प्रकरण 2016 साली वैद्यकीय नियतकालिकात आलं आहे. मध्यमवयीन पुरुष, अनेक वर्षं भरपूर ग्रीन टी पिणारा. त्याची ग्रीन टी थांबवून उपचार केल्यावर रक्त सुधारलं, पुन्हा सुरू केल्यावर पुन्हा घसरलं.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. मांसाहारातून मिळणारं लोह वेगळ्या रूपात असतं आणि चहा त्याला फारसा अडवू शकत नाही. ज्वारी, तूर, पालेभाजी आणि गोळीतलं लोह मात्र पूर्ण त्याच्या तावडीत सापडतं. त्यात धान्य आणि डाळीतलं फायटेट लोहाला आधीच धरून ठेवत असतं. म्हणजे आठवड्यातून तीनदा मटण खाणाऱ्या, फेरिटिन भरलेल्या शहरी पुरुषानं दिवसात चार कप ग्रीन टी प्यायली तर त्याचं बहुतेक काही बिघडणार नाही. तीच चार कप माळकरी घरातल्या, दर महिन्याला पाळी येणाऱ्या, आधीच रिकाम्या साठ्याच्या बाईला महागात पडतात. पुण्याहून डबा आणणाऱ्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. त्यानं जे वाचलं ते त्याच्यासारख्यांसाठी लिहिलेलं होतं.

उपाय ठरवताना

सगळ्यात सोपं होतं ‘ग्रीन टी बंद’ असं फर्मान काढणं. ते मी काढलं नाही आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनीही त्याला दुजोरा दिला. ग्रीन टीच्या आधी काकू दिवसाला पाच-सहा कप साखरेचा दुधाचा चहा पीत होत्या. ग्रीन टी सोडली असती तर त्या पुन्हा त्याच चहाकडे गेल्या असत्या. लोहाला तो चहाही तेवढाच अडवतो, शिवाय 112 वर उभ्या असलेल्या साखरेला खाली ओढतोच असं नाही, वरच नेतो. बिनसाखरेच्या पेयाची सवय त्यांनी स्वतःच्या हिमतीवर लावली होती. ती मोडायची नव्हती, तिची जागा बदलायची होती.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शनात जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. वाचायला सोपं आहे. शेतावर राबणाऱ्या बाईच्या दिवसात तो एक तास शोधणं सोपं नाही. काकू पाचला उठतात. पाणी भरणं, शेण-गोठा, सैपाक. सातला घरच्यांसोबत पहिला चहा. नऊला भाजी-भाकर, दहाला शेतात. दीडला शिदोरी. साडेतीन-चारला शेतमालक सगळ्या मजुरांना चहा देतो, किटलीतून. सहाला घर. आठला जेवण. मधे कुणाकडे गेलं की चहा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत आणि नाही म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटतं. आशाताईंनी अंगणात बसून हे सगळं बोटांवर मोजलं आणि त्यांनीच जागा शोधली: पहाटे पाच. त्या वेळी पोट रिकामं असतं, पहिला चहा दोन तास लांब असतो, आणि सकाळच्या गोळीचा लाभही जास्त.

रिकाम्या पोटी दोन गोळ्या मळमळल्या असत्या, म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुरुवातीला एकच गोळी करून दिली. अर्धा लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत, साखर न घालता. लिंबाची आंबट चव लोखंडाची चव दाबते, म्हणजे जे काम ग्रीन टी करत होती तेच हेही करतं, आणि क जीवनसत्त्व शोषणाला मदतही करतं. फारच मळमळलं तर भाकरीचा एक तुकडा खायचा, पण चहा नाही. ग्रीन टीला दोन वेळा दिल्या: सकाळी अकराच्या पुढे आणि दुपारी चारला, म्हणजे किटलीच्या चहाऐवजी. उकळायची नाही, उकळतं पाणी उतरवून त्यात पिशवी घालायची, तीन मिनिटांत काढायची. रात्रीची बंद. जेवताना वरणावर लिंबू, आणि संत्री आली की जेवणानंतर एक संत्रं.

पहाटेच्या गोळीनं पहिला आठवडा काकूंना त्रास झालाच. दोन दिवस त्यांनी गोळी तोंडात धरून थुंकली, हे त्यांनीच सांगितलं. मग जमलं.

ऑक्टोबरच्या अखेरीस हिमोग्लोबिन 10.2 झालं. डिसेंबरमध्ये कापूस वेचणीच्या ऐन गर्दीत 11.8. गोळ्या आधीच्या निम्म्या आणि वाढ कितीतरी जास्त. कोरडे तांदूळ चावणं आपोआप सुटलं. रात्रीची झोपही परतली, त्यात रात्रीची ग्रीन टी बंद झाल्याचा वाटा नक्की आहे. एका साध्या कपात साधारण 30 मिलिग्रॅम कॅफिन असतं, आणि आटवून उकळलेल्या, पिशव्या फाडून केलेल्या पेल्यात त्याहून बरंच जास्त.

हे सगळं ग्रीन टीच्या वेळा बदलल्यानं झालं असं मी म्हणणार नाही. लिंबू आलं, गोळीची वेळ बदलली, पोट रिकामं मिळालं, संत्री आली. या सगळ्यांचा एकत्र परिणाम आहे. पण पहिल्या दोन महिन्यांत दुप्पट लोह पोटात जाऊनही काही हललं नव्हतं, आणि तेव्हाच्या प्रत्येक गोळीसोबत चहाचा पेला होता, हे मला सोडून देता येत नाही.

याच गावात आणखी कुणाला जपावं लागेल

काकूंच्या निमित्तानं बचत गटाच्या बैठकीत बोलणं झालं, तेव्हा कळलं की ग्रीन टी आता बऱ्याच घरांत पोचली आहे, आणि वजन कमी करण्याच्या कॅप्सूलही. त्या कॅप्सूलची मला चहापेक्षा कितीतरी जास्त काळजी आहे. चहा म्हणून प्यायलेल्या ग्रीन टीनं यकृताला इजा होणं फार विरळा. कॅप्सूलमधला घट्ट अर्क ही वेगळी गोष्ट. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 मध्ये सगळे पुरावे तपासले. दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन, अर्काच्या रूपात घेणाऱ्यांमध्ये यकृताच्या चाचण्या बिघडताना दिसतात, असा तिचा निष्कर्ष आहे. 2022 मध्ये युरोपीय संघानं त्यावर कायद्यानं मर्यादा घातली. आपल्याकडे गटात विकल्या जाणाऱ्या डबीवर किती ईजीसीजी आहे ते बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. उपाशीपोटी घेतलेला अर्क जास्त घातक, आणि वजन कमी करायला निघालेली बाई उपाशीच असते. अशी कॅप्सूल घेणाऱ्या कुणाची लघवी चहासारखी गडद व्हायला लागली, डोळे पिवळे दिसले, उजव्या बरगडीखाली दुखलं, भूक मेली, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद आणि डबीसकट दवाखाना. कावीळ म्हणून झाडपाल्याच्या मागे लागून वेळ घालवू नये.

गरोदर बाया आणि लग्न ठरलेल्या मुली. कॅटेचिन फॉलिक ॲसिडच्या शोषणात आणि कामातही अडथळा आणतात, आणि बाळाचा मेंदू व पाठीचा कणा घडतो तो पहिल्या काही आठवड्यांत, पुष्कळदा गर्भ राहिल्याचं कळायच्याही आधी. त्या दिवसांत कॅफिन दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. एखाद-दुसऱ्या हलक्या कपानं काही होत नाही, पण बारीक होण्यासाठी चार-पाच पेले नकोत, आणि लोह-फॉलिकच्या गोळीसोबत तर एक घोटही नको. शाळेत लोह-फॉलिकची निळी गोळी घेणाऱ्या मुलींनाही हेच लागू.

हृदयाची झडप बदललेले आणि रक्त पातळ करणारी वारफेरिनसारखी गोळी घेणारे लोक आमच्या भागात आहेत. ग्रीन टी अति प्रमाणात प्यायल्यानं त्या गोळीचा असर कमी झाल्याची नोंद आहे. चहा बंद करा असं त्यांना सांगायची गरज नाही, पण आज शून्य आणि उद्या आठ कप असं करू नये आणि रक्त तपासताना डॉक्टरांना सांगावं.

आता पाण्याचं. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अनेक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. पिवळे, डागाळलेले दात आणि आखडलेले सांधे घेऊन लोक जगतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालतं, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत. चहाचं झाड मातीतलं फ्लोराईड ओढून पानात साठवतं. पान जून तितका साठा जास्त, आणि स्वस्तातल्या चहात जून पानं जास्त असतात. अशा गावात फ्लोराईडच्या पाण्यात चहा आटवून दिवसातून चारदा प्यायला, तर दोन्हीकडचं फ्लोराईड पेल्यात येतं. उकळल्यानं फ्लोराईड उडत नाही, पाणी आटल्यानं घट्ट होतं. ज्या घरात आधीच दातांवर डाग दिसतात तिथे चहासाठी नळयोजनेचं किंवा तपासलेल्या विहिरीचं पाणी वापरायला आम्ही सांगतो, बोअरचं नाही.

पोटाचं सोपं आहे. ग्रीन टी उपाशीपोटी घेतली की काहींना मळमळ, जळजळ, आम्लपित्त. ज्यांना होतं त्यांनी दोन खाण्यांच्या मधे, थोडे फुटाणे तोंडात टाकून घ्यावी. एवढंच.

सध्या

हिमोग्लोबिन 12 च्या जवळ आलं म्हणून गोळी थांबवलेली नाही. रक्त भरलं तरी साठा भरायला आणखी तीन महिने लागतात, ते बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात. काकूंची पहाटेची गोळी सुरू आहे. फेब्रुवारीत फेरिटिन पुन्हा करायचं आहे आणि सोबत उपाशीपोटीची साखरही. दुपारी चारला शेतावर किटली आली की त्या स्वतःची पिशवी काढतात आणि मालकाकडून नुसतं गरम पाणी मागून घेतात. आशाताईंनी त्यांच्या वहीत गोळीच्या रकान्याशेजारी पेननं एक नवा रकाना आखला आहे, ‘कशासोबत’. त्यात आतापर्यंत चहा, ताक, कॅल्शियमची गोळी आणि एके ठिकाणी काहीच नाही, कोरडीच, अशा नोंदी आल्या आहेत. कॅल्शियमही लोहाला अडवतं, म्हणून चहा आणि कॅल्शियम लिहिलेल्या घरांपासून आम्ही सुरुवात केली आहे.